चुंबकाच्या प्रतिमानातून कृष्णविवराकडे

कृष्णविवराची एन्ट्रॉपी त्याच्या घनफळावर ठरत नाही. ती त्याच्या क्षितिजाच्या क्षेत्रफळावर ठरते. जेकब बेकेनस्टाइन यांनी १९७२-७३ मध्ये ही कल्पना मांडली. १९७४ मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी कृष्णविवरातून उष्ण प्रारण बाहेर पडते हे गणिताने दाखवले, आणि त्याबरोबर बेकेनस्टाइन यांच्या सूत्रातला गुणकही पक्का झाला. क्षितिजाचे क्षेत्रफळ प्लँक लांबीच्या वर्गात मोजावे आणि त्याचा चौथा हिस्सा घ्यावा. सूर्याएवढ्या वस्तुमानाचे कृष्णविवर घेतले तर त्याची त्रिज्या जेमतेम ३ किलोमीटर भरते, तापमान एका केल्विनच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी असते आणि एन्ट्रॉपी, बोल्ट्झमन स्थिरांकाच्या एककात, १० च्या ७७ व्या घाताइतकी निघते.

एन्ट्रॉपी ही शेवटी मोजदाद असते. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या सूक्ष्म अवस्था किती, हे ती सांगते. आइन्स्टाइनच्या समीकरणांत मात्र स्थिरावलेले कृष्णविवर वस्तुमान, विद्युतभार आणि परिवलन या तीनच राशींनी पुरते वर्णिले जाते. मग या प्रचंड संख्येने असलेल्या अवस्था कशाच्या? आणि त्यांची मोजदाद क्षेत्रफळाच्या हिशेबाने का व्हावी? खोलीतल्या हवेची किंवा लोखंडाच्या तुकड्याची एन्ट्रॉपी घनफळाबरोबर वाढते, कारण त्यांचे अणू घनफळभर पसरलेले असतात. कृष्णविवराचा हिशेब एका मितीने कमी पडतो. जेरार्ड टी हूफ्ट यांनी १९९३ मध्ये आणि त्यापाठोपाठ लिओनार्ड ससकिंड यांनी यावरून धाडसी निष्कर्ष काढला. गुरुत्व असलेल्या कोणत्याही प्रदेशाची संपूर्ण माहिती त्याच्या सीमेवर मावली पाहिजे, हा तो निष्कर्ष. सपाट काचेवर त्रिमित चित्र साठवणाऱ्या होलोग्रामवरून त्याला होलोग्राफिक तत्त्व म्हणतात.

१९९७ च्या अखेरीस हुआन माल्दासेना यांनी या तत्त्वाला पहिले नेमके उदाहरण दिले. एका बाजूला ऋण वक्रतेच्या पाच मितींच्या अवकाशकालातले (अधिक पाच मितींच्या गोलावरचे) स्ट्रिंग सिद्धांताचे गुरुत्व. दुसऱ्या बाजूला त्या अवकाशकालाच्या चार मितींच्या सीमेवरचा, गुरुत्वाचा लवलेश नसलेला क्वांटम क्षेत्र सिद्धांत. दोन्ही एकच आहेत असा दावा. दोन वेगळ्या वस्तूंत साम्य आहे एवढेच तो सांगत नाही. ऊर्जापातळ्या त्याच, अवस्थांची संख्या तीच, फक्त लिहिण्याची भाषा वेगळी, इतका तो कडक आहे. एका बाजूचे कृष्णविवर म्हणजे दुसऱ्या बाजूचा तापलेला कणसमुदाय. हॉकिंगचे तापमान म्हणजे त्या समुदायाचे साधे तापमान. सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये धक्का बसलेल्या कृष्णविवराची थरथर विशिष्ट लयीत विरते असे दाखवले होते. ती लय दुसऱ्या भाषेत समुदाय पुन्हा समतोलाला येण्याचा वेग ठरते.

या पायाभरणीत मुंबईचा वाटा मोठा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील अविनाश धर, गौतम मंडल आणि स्पेंटा वाडिया यांनी १९९६ मध्ये, म्हणजे माल्दासेनांच्या लेखाआधी, कृष्णविवराने प्रारण शोषण्याचे आणि सोडण्याचे गणित स्ट्रिंग सिद्धांतातील सूक्ष्म घटकांपासून केले होते. त्याच सुमारास सुमित दास आणि समीर माथुर यांनीही तसे गणित केले. पुढे २००७ मध्ये याच संस्थेतील सायंतनी भट्टाचार्य आणि शिराज मिनवाला यांनी वेरोनिका ह्युबेनी आणि मुकुंद रंगमणी यांच्यासह दाखवले की क्षितिजाच्या मंद हालचालींची आइन्स्टाइन समीकरणे पद्धतशीरपणे द्रवाच्या प्रवाहाच्या समीकरणांत उतरवता येतात.

द्रवाचा विषय इथे सहज आलेला नाही. पावेल कोव्हटुन, दाम सोन आणि आंद्रेई स्टारिनेट्स यांनी २००५ मध्ये मांडले की अशा गुरुत्वाची जोड असलेल्या प्रत्येक द्रवात स्निग्धता आणि एन्ट्रॉपीची घनता यांचे गुणोत्तर एकच येते, आणि ते फार लहान असते. त्याच वर्षी अमेरिकेतील ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेने जाहीर केले की सोन्याच्या अणुकेंद्रांच्या टकरीतून तयार होणारे क्वार्क-ग्लुऑन द्रव्य जवळजवळ घर्षणहीन द्रवासारखे वाहते. आकडे जवळपास जुळले. मात्र ब्रुकहेव्हनचे द्रव्य आणि माल्दासेनांचा क्षेत्र सिद्धांत एक नाहीत. जुळणारा आकडा उत्साह देतो. पुरावा म्हणून तो अपुरा असतो. होलोग्राफीवरचे बरेच लोकप्रिय लेखन हा फरक पुसून टाकते, म्हणून तो इथे स्पष्टपणे नोंदवणे गरजेचे आहे. अशा जोडीची किंमत ठरवायची तर प्रश्न एकच विचारावा लागतो. एका बाजूला अडलेले कोडे दुसऱ्या बाजूने खरोखर सुटले का? या कसोटीवर सर्वांत स्वच्छ उतरलेली गोष्ट माल्दासेनांच्या मूळ जोडीतून आली नाही. ती चुंबकांच्या एका जुन्या प्रतिमानातून आली.

मूळ जोडीची अडचण तिच्या ताकदीतच आहे. गुरुत्वाची बाजू सोपी असते तेव्हा क्षेत्र सिद्धांतातील कणांची आंतरक्रिया इतकी तीव्र असते की तिथे गणित चालत नाही. क्षेत्र सिद्धांत सोपा असतो तेव्हा अवकाशकाल इतका वळलेला असतो की आइन्स्टाइनची समीकरणे लागू पडत नाहीत. विशिष्ट सममितींनी जपलेल्या काही राशी दोन्हीकडे मोजता येतात आणि त्या जुळतात. पण तापलेल्या समुदायाचा तपशील सूक्ष्म बाजूने काढून त्यात क्षितिज कसे उमटते, हे थेट पाहता येत नाही. दोन्ही बाजू निदान काही अंशी सुटतील असे लहान उदाहरण हवे होते.

ते उदाहरण १९९३ पासून छापलेले होते. येल विद्यापीठात सुबीर सचदेव आणि जिन्वू ये हे घनपदार्थ भौतिकीतला एक प्रश्न सोडवत होते. धातूंचा प्रचलित सिद्धांत लेव्ह लांडाऊ यांनी १९५६ मध्ये मांडला. इलेक्ट्रॉन एकमेकांना कितीही ढकलत असले, तरी कमी तापमानाला त्यांचा समुदाय जणू स्वतंत्र वाहकांचा असल्यासारखा वागतो, असे तो सांगतो. हे वाहक म्हणजे मूळ इलेक्ट्रॉन नव्हेत; आजूबाजूच्या हालचालीचे ओझे घेऊन फिरणारे कणसदृश वाहक. पण १९८६ मध्ये योहानेस बेडनोर्झ आणि कार्ल म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडांतील अतिवाहकता शोधली, आणि त्या पदार्थांच्या साध्या, अतिवाहक नसलेल्या अवस्थेत हा सिद्धांत कोलमडतो असे दिसू लागले. कणसदृश वाहकच नसलेला क्वांटम समुदाय गणितात बांधता येईल का? सचदेव आणि ये यांनी असंख्य क्वांटम स्पिन घेतले, प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडले, आणि जोडणीची ताकद यादृच्छिक ठेवली. हे प्रतिमान कोणत्याही खऱ्या चुंबकाचे हुबेहूब वर्णन नव्हते. पण ते सुटले, आणि त्यात कणसदृश वाहक उरले नाहीत. काही वर्षांनी अँटोइन जॉर्ज आणि ऑलिव्हिए पार्कोले यांच्यासह सचदेव यांनी त्यात आणखी एक चमत्कारिक गुण दाखवला. तापमान शून्याकडे नेले तरी एन्ट्रॉपी शून्याकडे जात नव्हती.

शून्य तापमानाला उरणारी एन्ट्रॉपी गुरुत्वाच्या अभ्यासकांना ओळखीची होती. विद्युतभारित कृष्णविवराला भार तोच ठेवून थंड करत नेले, तर तापमान शून्य होते पण क्षितिजाचे क्षेत्रफळ शून्य होत नाही. २०१० मध्ये सचदेव यांनी हे दोन धागे जोडले. भारित कृष्णविवराच्या क्षितिजाजवळचा भाग आणि १९९३ चे प्रतिमान यांचे कमी तापमानाचे वर्तन एकच आहे, असे त्यांनी सुचवले. पाच वर्षांनी, २०१५ च्या एप्रिल-मे महिन्यांत, अलेक्सेई कितायेव यांनी सांता बार्बरा येथील कावली संस्थेत दिलेल्या व्याख्यानांत त्या प्रतिमानाचे अधिक सुटसुटीत रूप मांडले. त्याला आता सचदेव-ये-कितायेव प्रतिमान म्हणतात.

या प्रतिमानाची रचना दोन वाक्यांत सांगता येते. ठरावीक संख्येने मायोराना फर्मिऑन, म्हणजे स्वतःच स्वतःचे प्रतिकण असलेले कण, घ्यावेत, आणि त्यांच्यातील प्रत्येक चौकडीला एक यादृच्छिक जोडणी द्यावी. यात अंतर नाही, शेजार नाही, जागाच नाही. आहे तो फक्त काळ. फर्मिऑन १०० असतील तर चौकड्या ३९,२१,२२५ होतात आणि अवस्थांची एकूण संख्या २ चा ५० वा घात असते. इतका गुंता असूनही फर्मिऑनांची संख्या अमर्याद वाढवली की फाइनमनच्या आकृत्यांपैकी एकाच कुळातल्या आकृत्या शिल्लक राहतात. त्यांची बेरीज एका समीकरणात बसते आणि ते समीकरण सोडवता येते. उकलीतून निघते की कमी तापमानाला दर फर्मिऑनमागे सुमारे ०.२३२४ एवढी एन्ट्रॉपी उरते, तर अमर्याद तापमानाला ती सुमारे ०.३४६६ असते. म्हणजे शक्य असलेल्या एन्ट्रॉपीचा दोन तृतीयांश भाग थंडीतही टिकून राहतो.

इथे एक बारकावा आहे आणि पुढचे सारे त्यावर उभे आहे. उरलेल्या एन्ट्रॉपीचा अर्थ तळाला एकाच ऊर्जेच्या असंख्य अवस्था रचलेल्या आहेत, असा नाही. फर्मिऑनांची संख्या मर्यादित असेल तर तळाशी ऊर्जापातळ्या वेगवेगळ्याच असतात; फक्त त्या इतक्या दाट असतात की दोन पातळ्यांमधले अंतर फर्मिऑनांच्या संख्येबरोबर घातांकी वेगाने घटते. आधी संख्या अनंत करून मग तापमान शून्याला नेले, तर एन्ट्रॉपी उरते. आधी तापमान शून्याला नेले, तर उरत नाही. मर्यादा घेण्याचा क्रम बदलला की उत्तर बदलते. कणसदृश वाहकांच्या पदार्थात तळाशी अशी दाटी नसते.

कितायेव यांना हे प्रतिमान कृष्णविवराशी जोडावेसे वाटले ते केऑसमुळे, म्हणजे बारीक धक्का झपाट्याने पसरण्याच्या गुणामुळे. १९६९ मध्ये अनातोली लार्किन आणि युरी ओव्हचिन्निकोव्ह यांनी अतिवाहकांच्या अभ्यासात एक राशी वापरली होती. क्वांटम व्यवस्थेला एका ठिकाणी दिलेला बारीक धक्का नंतर दुसऱ्या मोजमापात किती वेगाने पसरतो, हे ती मोजते. स्टीफन शेंकर आणि डग्लस स्टॅनफर्ड यांनी २०१३ मध्ये दाखवले की कृष्णविवरात हा पसरण्याचा वेग थेट क्षितिजाजवळच्या गुरुत्वावरून काढता येतो, कारण क्षितिजात पडणाऱ्या कणाची ऊर्जा बाहेरच्या घड्याळानुसार घातांकी गतीने वाढत जाते. २०१५ मध्ये माल्दासेना, शेंकर आणि स्टॅनफर्ड यांनी सिद्ध केले की, काही सर्वसाधारण गृहीतके मान्य केली तर, या वेगाला तापमानाने ठरवलेली कमाल मर्यादा असते आणि आइन्स्टाइनच्या गुरुत्वातील कृष्णविवरे ती गाठतात. कितायेव यांचे प्रतिमानही कमी तापमानाला हीच मर्यादा गाठते. ज्या व्यवस्थेत जागाच नाही तिने कृष्णविवराइतक्या वेगाने माहिती ढवळून काढावी, हा योगायोग मानणे कठीण होते.

तो योगायोग नाही हे कसे कळले, यात या विषयाचे मर्म आहे. कमी ऊर्जेला प्रतिमानाच्या समीकरणाला एक नवी सममिती मिळते. काळाचे मोजमाप हवे तसे ताणले-आखडले तरी समीकरणाचे रूप बदलत नाही. पण समीकरणाची उकल त्यांपैकी एकच मोजमाप निवडते आणि सममिती मोडते. शिवाय थोडी ऊर्जा वाढली की समीकरणातलीही सममिती किंचित ढळते. परिणामी काळाचे मोजमाप स्वतःच एक हलणारी राशी बनते, आणि तिच्या हालचालीला लागणारी किंमत जवळजवळ शून्य असते. या राशीचे क्रियाफलन, म्हणजे तिची गती ठरवणारे सूत्र, कोणते असावे, हे सममितीच ठरवून टाकते. एकोणिसाव्या शतकातील गणिती हर्मन श्वार्त्झ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकलजाखेरीज साधा पर्याय उरत नाही. कमी तापमानाचे सर्व उष्णतेचे गणित आणि केऑसचा कमाल वेग या एका पदातून निघतो.

आता भारित कृष्णविवराकडे वळावे. ते कमाल भाराच्या जवळ आले, म्हणजेच थंड झाले, की क्षितिजाबाहेर एक लांबच लांब गळा तयार होतो. गळ्याचा आडवा छेद सगळीकडे सारखाच असल्याने आत हलण्यासारखे उरते ते फक्त त्रिज्येच्या आणि काळाच्या दिशेत. चार मितींचे गुरुत्व तिथे दोन मितींचे होते. क्लॉडिओ टायटेलबॉइम आणि रोमन जॅकिव यांनी १९८० च्या दशकात अशा दोन मितींच्या गुरुत्वाचे एक साधे प्रतिमान स्वतंत्रपणे मांडले होते. दोन मितींत गुरुत्वीय लहरी संभवत नाहीत; या प्रतिमानात हलते ती फक्त गळ्याची कड, म्हणजे तिथल्या घड्याळाचा बाहेरच्या घड्याळाशी असलेला संबंध. माल्दासेना, स्टॅनफर्ड आणि झेनबिन यांग यांनी २०१६ मध्ये या कडेचे क्रियाफलन काढले, तेव्हा हाती आले तेच श्वार्त्झचे विकलज. त्याच सुमारास इतरही काही गट याच निष्कर्षाला पोहोचले.

म्हणजे दोन्हीकडे समान आहे ती सममिती मोडण्याची रीत. यातून दावा नेमका होतो आणि मर्यादितही. गुरुत्वाची समीकरणे उष्मागतिकीतून वाचता येतात ही कल्पना नवी नव्हती. टेड जेकबसन यांनी १९९५ मध्ये ती मांडली होती आणि पुण्याच्या आयुकात थानू पद्मनाभन यांनी २०२१ मध्ये निधन होईपर्यंत अनेक वर्षे ती चिकाटीने विकसित केली. पण त्या वाटेवर सूक्ष्म घटक अज्ञातच राहतात. सचदेव-ये-कितायेव प्रतिमानाने एका छोट्या प्रदेशात का होईना, घटक आणि समुदाय दोन्ही हातात दिले. मात्र प्रतिमानाची संपूर्ण जोड ते दोन मितींचे साधे गुरुत्व नव्हे. प्रतिमानात कमी ऊर्जेच्या त्या एका राशीखेरीज इतर उत्तेजनांची एक न संपणारी मालिका आहे, आणि ती गुरुत्वाच्या बाजूला लांबलचक, ताणहीन स्ट्रिंगांसारखी दिसते. त्या स्ट्रिंगांचा सिद्धांत अजून कुणी लिहिलेला नाही. ‘हे प्रतिमान म्हणजेच कृष्णविवर’ असे विधान म्हणूनच टिकत नाही. ‘थंड भारित कृष्णविवराचे कमी ऊर्जेचे वर्तन आणि या प्रतिमानाचे वर्तन एकाच समीकरणाने ठरते’ हे विधान टिकते.

आणि एवढ्याशा विधानाने एक जुने कोडे सुटले. १९९१ मध्ये जॉन प्रेस्किल, पॅट्रिशिया श्वार्त्झ, आल्फ्रेड शेपियर, पुढे टाटा संस्थेचे संचालक झालेले संदीप त्रिवेदी आणि फ्रँक विल्चेक यांनी एक विसंगती दाखवली होती. कमाल भाराच्या अगदी जवळ गेलेल्या कृष्णविवरात शिल्लक ऊर्जा तापमानाच्या वर्गाने घटते, पण बाहेर पडणाऱ्या एका क्वांटमची सरासरी ऊर्जा तापमानाच्या पहिल्याच घाताने घटते. त्यामुळे एका टप्प्यानंतर असे होते की एकच क्वांटम बाहेर पडायला जितकी ऊर्जा हवी तितकीही कृष्णविवराकडे शिल्लक नसते. तापमान या शब्दालाच तिथे अर्थ उरत नाही. हॉकिंगचे गणित त्या टप्प्याखाली चालणार नाही एवढे उघड होते. त्याऐवजी काय चालेल, हे सुमारे तीन दशके नक्की नव्हते. तळाशी ऊर्जेची एक दरी असावी आणि तिच्याखाली एकाच ऊर्जेच्या प्रचंड संख्येच्या अवस्था असाव्यात, असा एक तर्क होता. पण कोणतीही सममिती राखत नसताना इतक्या अवस्थांची ऊर्जा तंतोतंत एक का असावी, याला उत्तर नव्हते.

लुका इलिएसिउ आणि गुस्ताव्हो तुरियाची यांनी २०२० मध्ये साध्या, सममितीचे पाठबळ नसलेल्या भारित कृष्णविवराच्या गळ्यातील घड्याळाच्या क्वांटम हालचाली पूर्णपणे हिशेबात घेतल्या. त्या मोजण्याचे तंत्र सचदेव-ये-कितायेव प्रतिमानाच्या अभ्यासातून तयार झाले होते; श्वार्त्झ क्रियाफलनाचे क्वांटम गणित नेमके सुटते, हे स्टॅनफर्ड आणि एडवर्ड विटन यांनी २०१७ मध्ये दाखवले होते. उत्तर आले ते असे. १९९१ मध्ये दाखवलेल्या टप्प्याखाली या हालचाली इतक्या वाढतात की ऊर्जापातळ्यांची घनता तळाकडे जाताना सावकाश शून्य होते. दरी नाही, तळाशी रचलेल्या एकाच ऊर्जेच्या अवस्थाही नाहीत. प्रतिमानात मर्यादांच्या क्रमाने जे शिकवले होते तेच इथे कृष्णविवराबद्दल खरे ठरले. शून्य तापमानाची प्रचंड एन्ट्रॉपी ही पातळ्यांच्या दाटीची खूण होती.

याची उलट बाजू तितकीच बोलकी आहे. अतिसममिती (बोसॉन आणि फर्मिऑन यांना जोडणारी सममिती) राखणाऱ्या कृष्णविवरांसाठी तेच गणित मॅथ्यू हायडेमन यांच्यासह याच अभ्यासकांनी केले, तेव्हा दरीही मिळाली आणि तळाशी एकाच ऊर्जेच्या असंख्य अवस्थाही मिळाल्या. अँड्रू स्ट्रॉमिंजर आणि कुमरून वाफा यांनी १९९६ मध्ये स्ट्रिंग सिद्धांतातून ज्या अवस्था मोजल्या होत्या त्या अशाच अतिसममित कृष्णविवरांच्या होत्या. ती मोजणी योग्यच होती. ती सर्व थंड कृष्णविवरांना लावता येत नाही, एवढे आता कळले. तीन दशकांतली दोन वेगवेगळी उत्तरे एका गणिताने आपापल्या जागी बसवावीत, ही सैद्धांतिक भौतिकीत विरळ गोष्ट आहे. दुर्बिणीतून हे कधी दिसेल अशी आशा मात्र नाही. खगोलातील कृष्णविवरांवर लक्षणीय भार टिकत नाही, आणि हा टप्पा ज्या तापमानाला येतो ते कल्पनातीत कमी असते.

यशाचे इतर दावे याच कसोटीवर तपासले तर चित्र संमिश्र दिसते. डॉन पेज यांनी १९९३ मध्ये दाखवले होते की कृष्णविवर माहिती नष्ट करत नसेल तर बाहेर आलेल्या प्रारणाची क्वांटम एन्ट्रॉपी आधी वाढून मग उतरली पाहिजे. हॉकिंगच्या गणितात ती वाढतच राहते. २०१९ मध्ये ती उतरताना गुरुत्वाच्याच गणिताने दिसली, आणि त्याचे सर्वांत स्वच्छ रूप जॅकिव-टायटेलबॉइम गुरुत्वात मिळाले. पण त्याच वर्षी फिल साद, शेंकर आणि स्टॅनफर्ड यांनी दाखवले की हे गुरुत्व कोणत्याही एका क्वांटम व्यवस्थेशी जुळत नाही. ते यादृच्छिक मॅट्रिक्सांच्या एका संपूर्ण समूहाच्या सरासरीशी जुळते. जड अणुकेंद्रांच्या ऊर्जापातळ्यांसाठी यूजीन विग्नर यांनी १९५० च्या दशकात जे गणित वापरले होते, त्याच जातीचे हे. प्रतिमानातही जोडण्या यादृच्छिक असल्याने सरासरी घ्यावी लागते. माल्दासेनांच्या मूळ जोडीत मात्र यादृच्छिक काहीच नाही; तिथे एकच सिद्धांत आहे. तरीही गुरुत्वाच्या गणितात दोन वेगळ्या विश्वांना जोडणारे वर्महोल येतात, आणि ते आले की एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन व्यवस्थांची उत्तरे एकमेकांत गुंततात. असे होता कामा नये. या विसंगतीचा सर्वमान्य उलगडा झालेला नाही, आणि या क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाचा उघडा प्रश्न हाच म्हणावा लागेल.

२०२२ च्या नोव्हेंबरअखेर ‘नेचर’मध्ये आलेल्या एका प्रयोगाने वर्महोल हा शब्द वर्तमानपत्रांत नेला. गूगलच्या सायकामोर यंत्रावर ९ क्यूबिट आणि दोन-दोन क्यूबिटना जोडणाऱ्या १६४ क्रिया वापरून, प्रतिमानाच्या अत्यंत छाटलेल्या रूपात माहिती एकीकडून दुसरीकडे नेण्यात आली. त्या रूपात प्रत्येक बाजूला अवघे ७ फर्मिऑन होते आणि चौकड्यांपैकी फक्त ५ जोडण्या ठेवल्या होत्या. त्या जोडण्या साध्या संगणकावर शोधलेल्या होत्या. ब्राइस कोब्रिन, थॉमस शुस्टर आणि नॉर्मन याओ यांनी २०२३ च्या आरंभी दाखवले की त्या पाचही जोडण्या परस्परांशी क्रम-निरपेक्ष आहेत आणि म्हणून खऱ्या प्रतिमानासारखा समतोल त्या व्यवस्थेत येत नाही. यंत्राची कामगिरी म्हणून प्रयोगाचे मोल आहे. गुरुत्वाबद्दल त्याने नवे काही सांगितले नाही, आणि प्रयोगशाळेत वर्महोल बनवल्याच्या बातम्या चुकीच्या होत्या.

ज्या प्रश्नापासून सचदेव आणि ये निघाले, तो धातूंचा प्रश्न कुठवर आला? तांब्याच्या ऑक्साइडांत विद्युतरोध तापमानाच्या थेट प्रमाणात वाढतो, आणि इलेक्ट्रॉन विस्कळीत होण्याचा काळ प्लँक स्थिरांक आणि तापमान या दोहोंनीच ठरल्यासारखा दिसतो. खोलीच्या तापमानाला तो सेकंदाच्या सुमारे ४० लाख कोटीव्या भागाइतका असतो. हाच काळ प्रतिमानातही येतो आणि कृष्णविवराच्या थरथरीतही येतो. पण प्रतिमानात जागा नाही, आणि जागेशिवाय विद्युतप्रवाह नाही. २०२३ मध्ये आविष्कार पटेल, हाओयू गुओ, इल्या एस्टरलिस आणि सचदेव यांनी धातूतील इलेक्ट्रॉनांची एका क्वांटम क्षेत्राशी असलेली जोडणी ठिकाणागणिक यादृच्छिक ठेवली, आणि त्यातून विद्युतरोधाचे ते सरळ प्रमाण मिळवले. तंत्र प्रतिमानाचेच आहे. गुरुत्वाची मात्र त्यात गरज पडत नाही. कृष्णविवराकडून धातूकडे येणारा लाभ अजून तरी पद्धतीचा आहे, उलट दिशेने गेलेला लाभ उत्तराचा आहे.

या साऱ्या जोड्यांना एक अट समान आहे. अवकाशकालाची वक्रता ऋण हवी, म्हणजे त्याला अशी सीमा मिळते जिच्यावर दुसरा सिद्धांत लिहिता येतो. भारित कृष्णविवराच्या गळ्यात ही अट आपोआप पुरी होते, म्हणून तिथले निष्कर्ष आपल्या विश्वातील गुरुत्वालाही लागू पडतात. वेगाने फिरणाऱ्या थंड कृष्णविवरांसाठीही तेच गणित आता केले गेले आहे. पण संपूर्ण विश्वाची गोष्ट वेगळी आहे. १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांवरून विश्वाचा विस्तार वेगावतो आहे असे दिसले, आणि त्याचा सरळ अर्थ वैश्विक स्थिरांक धन आहे असा होतो. अशा विश्वाला तशी सीमा नसते, आणि त्यासाठी माल्दासेनांच्या जोडीइतकी तपासलेली एकही जोडी आज उपलब्ध नाही.